राजवाड्यापुढचा चौक

मराठीत ‘चौक’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. वाड्याच्या मध्यभागी चारी सोप्यांनी वेढलेली जी मोकळी जागा असते तिला आपण चौक म्हणतो, आणि गावात जेथे चार वाटा एकत्र येतात त्या जागेलाही चौकच म्हणतो. पहिला चौक आभाळाला उघडा असला तरी गावाला बंद असतो. तेथे घरची वाळवणे पडतात, घरचीच मंगलकार्ये होतात आणि देवडीवरच्या माणसाने आत सोडल्याखेरीज परक्याचे पाऊल तेथे पडत नाही. दुसरा चौक कोणा एकाचा नसतो, म्हणूनच तो सर्वांचा असतो. एखाद्या घराण्याचे अंगण संपूर्ण नगराची सामाईक जागा कशी बनते, हा प्रश्न नगरांच्या इतिहासात मोठ्या महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने इंदूरच्या राजवाड्यापुढील चौकाचा इतिहास अवश्य पाहावा.

या स्थळाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक वाड्याविषयी लिहिले गेले. सात मजल्यांचे उत्तुंग प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडाचे व वरचे चार लाकडाचे, लोखंडी खिळ्यांनी जडवलेली भव्य दारे, सज्जे आणि गवाक्षे यांचे वर्णन प्रत्येक प्रवाशाने केले आहे आणि ते यथार्थही आहे. परंतु वाड्याकडे पाहणारा मनुष्य ज्या जागेवर उभा राहून तो पाहतो, त्या जागेकडे मात्र तो पाठ फिरवून असतो. वास्तविक वाडा तीनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. चौक एकदाही जळाला नाही. वाड्याचे धनी तेथून राहायला दुसरीकडे गेले. चौकाचे धनी अद्याप रोज सकाळी तेथे येतात. म्हणून प्रस्तुत लेखात वाड्याला थोडे बाजूस ठेवून चौकाचा वृत्तान्त सांगण्याचा विचार आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण मराठी माणसे इंदूर म्हटले की होळकरांपासून गोष्ट सुरू करतो. पण इंदूरची गोष्ट होळकरांपासून सुरू होत नाही. इंद्रेश्वराच्या देवळावरून ज्याला नाव पडले असे मानतात ते गाव खान नदीच्या काठी आधीपासूनच वसलेले होते. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी या गावाचे व्यापारी महत्त्व ओळखले आणि १७१६ साली तेथील व्यापाराला जकातीची माफी मिळवली. दक्षिणेतून हिंदुस्थानात जाणाऱ्या वाटेवरचे, नर्मदा ओलांडून घाट चढून आल्यावर लागणारे हे ठाणे. तेथे जकात नाही म्हटल्यावर माल उतरू लागला आणि मालामागून माणसे आली. तेव्हा या नगराचा पाया प्रथम बाजाराने घातला, तलवारीने नव्हे. पुढे मराठी फौजा माळव्यात उतरल्या, १७३० च्या सुमारास मल्हारराव होळकरांकडे या प्रांताचा कारभार आला, आणि २० जानेवारी १७३४ रोजी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना जी खासगी जहागीर मिळाली तीत इंदूरचा समावेश झाला. एका बाईच्या नावावर खासगीत लागलेले गाव पुढे एका राज्याची राजधानी झाले, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१७४७ मध्ये मल्हाररावांनी वाड्याच्या बांधकामास प्रारंभ केला. जागा निवडली ती नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत नव्हे, तर अलीकडच्या मोकळ्या उंचवट्यावर. जुनी वस्ती आजही ‘जुनी इंदूर’ याच नावाने ओळखली जाते. वाड्यापुढे मैदान राखणे सरदाराला भागच असते. फौज उभी करायची, घोडी फिरवायची, हत्ती झुलवायचे, दसऱ्याला सीमोल्लंघनाची स्वारी काढायची, तर दारापुढे ऐसपैस जागा हवी. राजवाड्यापुढील चौकाचा जन्म असा सरदारी गरजेतून झाला. त्या वेळी तो सार्वजनिक नव्हता. तो वाड्याचाच बाहेर पडलेला एक चौक होता, आणि तेथे कोणी केव्हा उभे राहावे हे वाड्याच्या देवडीवरून ठरत असे.

आज या चौकाच्या मध्यभागी, लहानशा बागेत, अहिल्याबाईंचा पुतळा आहे. चौकात येणारा जाणारा तेथे क्षणभर हात जोडतो. परंतु अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतल्यावर आपले वास्तव्य नर्मदाकाठी महेश्वरास ठेवले आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत कारभार तेथूनच केला. म्हणजे ज्या काळाला आपण होळकरशाहीचा सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळात हा वाडा राजधानीचा वाडा नव्हताच. तरीही इंदूर या काळात वाढले. वाडा ओस आणि बाजार भरलेला, अशी ही स्थिती होती. आणि नगर कशावर जगते याचा पहिला पुरावा चौकाला तेव्हा मिळाला.

१८०१ हे वर्ष मराठ्यांच्या इतिहासात लाजेने मान खाली घालायला लावणारे आहे. शिंदे आणि होळकर यांच्या वैराने त्या साली टोक गाठले. जुलै महिन्यात यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून ते शहर लुटले. ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचा सेनानी सर्जेराव घाटगे इंदूरवर चालून आला, त्याने यशवंतरावांचा पराभव केला आणि इंदूर लुटून राजवाड्याला आग लावली. ही आग परक्याने लावलेली नव्हती. लुटणारे आणि लुटले जाणारे एकच भाषा बोलत होते, एकाच खंडोबाची शपथ घेत होते. परमुलखातील आपल्या पराक्रमाच्या कथा सांगताना हे पान आपण घाईने उलटतो. पण चौकाचा इतिहास लिहिणाऱ्याला ते उलटता येत नाही, कारण त्या लुटीत जी दुकाने उघडी पडली ती ज्यांची होती ते बहुतेक ना शिंद्यांचे होते ना होळकरांचे. ते केवळ इंदूरचे होते.

पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. राज्याचा मोठा भाग गेला आणि यशवंतरावांचे अल्पवयीन पुत्र मल्हारराव यांच्या नावाने कारभार चालू राहिला. या पराभवातूनच इंदूर खऱ्या अर्थाने राजधानी झाले, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हटला पाहिजे. दिवाण तात्या जोग यांनी जळलेला वाडा पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले. आज आपण जे सप्तमजली दर्शनी रूप पाहतो ते मुख्यतः या दुसऱ्या बांधणीचे. शहराच्या पूर्वेस इंग्रजांची रेसिडेन्सी आली. लढाया संपल्या, तेव्हा चौकातील घोडी कमी झाली आणि गाड्या वाढल्या. १८३२ च्या सुमारास राणी कृष्णाबाईंनी वाड्याजवळच गोपाळ मंदिर बांधले. १८३४ मध्ये वाड्याला पुन्हा आग लागली आणि वरच्या भागाचे नुकसान झाले. परंतु तोपर्यंत चौकाभोवतीचा बाजार इतका स्थिर झाला होता की वाड्याची डागडुजी आणि बाजाराचा व्यवहार एकाच वेळी चालू राहिले.

या चौकाच्या आयुष्यात सर्वांत कसोटीचा प्रसंग १८५७ साली आला. १ जुलै रोजी सादत खान याच्या पुढाकाराने रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि इंग्रज एजंट ड्युरंड इंदूर सोडून निघून गेला. उठाव करणाऱ्यांची आणि लोकांची दृष्टी साहजिकच राजवाड्याकडे वळली. वाड्यात काही ख्रिस्ती कुटुंबे आश्रयाला आली होती. त्यांना आमच्या स्वाधीन करा आणि आमचे पुढारीपण स्वीकारा, अशी मागणी उठाव करणाऱ्यांनी केली. तुकोजीराव (दुसरे) तेव्हा अवघे बाविशीतले होते. ते घोड्यावर बसून उठाव करणाऱ्यांसमोर गेले आणि आश्रिताला सोडणार नाही असे त्यांनी सांगितले. ४ जुलैस उठावाचे सैन्य इंदूर सोडून गेले. तुकोजीरावांच्या या वर्तनाचा अर्थ निरनिराळ्या इतिहासकारांनी निरनिराळा लावला; ड्युरंडने तर त्यांच्या निष्ठेविषयी अखेरपर्यंत संशय धरला. सादत खानाला पुढे पकडून १८७४ मध्ये फाशी देण्यात आली. राजाचे धोरण काहीही असो, या चार दिवसांत एक गोष्ट प्रथमच घडली. राजाने लोकांना हुकूम द्यावा याऐवजी लोकांनी राजाकडे मागणी करावी आणि राजाने बाहेर येऊन तिचे उत्तर द्यावे, असा प्रसंग आला. वाड्याच्या दाराला दोन बाजू आहेत आणि बाहेरच्या बाजूलाही वाचा आहे, हे इंदूरने तेव्हा अनुभवले.

तुकोजीरावांच्याच काळात नगराचे रूप पालटले. १८७० साली इंदूरला नगरपालिका आली. खांडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी दरबाराने इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. विसाव्या शतकात खाजगी कापडगिरण्या एकामागून एक निघाल्या आणि खानदेश, वऱ्हाड, राजपुताना, उत्तर हिंदुस्थान अशा चारी दिशांनी कामगार आले. इकडे राजकुटुंबाने आपला मुक्काम हलवला. खान नदीच्या काठी लालबाग राजवाडा बांधला गेला, आणि १९३० नंतर यशवंतराव (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याने माणिकबाग हा अगदी नव्या धर्तीचा प्रासाद सजवला. जुना राजवाडा समारंभांपुरता व कुळाचारापुरता उरला. मल्हारी मार्तंडाचे देवघर तेवढे तेथे राहिले. राजा घरातून गेला तेव्हा अंगण आपोआप गावाचे झाले. त्यासाठी कोणी जाहीरनामा काढला नाही, की कोणते आंदोलन झाले नाही. नगराच्या पुष्कळशा सामाईक जागा अशाच, धन्याच्या दुर्लक्षातून आणि लोकांच्या वहिवाटीतून निर्माण होतात.

या वहिवाटीचे मर्म ज्याने ओळखले तो एक परदेशी मनुष्य होता. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना इंदूर दरबाराने शहराच्या सुधारणेचा आराखडा करण्यासाठी बोलावले होते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची दहशत होती. गेडीस हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडत, तेव्हा हा घरे पाडायला आलेला साहेब आहे या समजुतीने लोक त्यांच्याकडे भीतीने पाहत. ही भीती घालवण्यासाठी त्यांनी १९१७ च्या दिवाळीत एक मिरवणूक योजली. मिरवणुकीचा मार्ग जुन्या रिवाजाने ठरणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील त्या भागातून ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. परिणाम असा झाला की शहरभर झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली आणि गाड्याच्या गाड्या केरकचरा बाहेर पडला. मिरवणुकीत हत्तीघोडे होते, पिकांचे आणि कापसाचे देखावे होते; त्यांच्यामागून अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर आला. त्यानंतर शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले शहराचे झाडूवाले आले. मग नगरदेवता आली, भावी इमारतींच्या प्रतिकृती आल्या, आणि तुळशीची रोपे वाटली गेली. अखेरीस राक्षसाला आणि उंदराला अग्नी देण्यात आला.

गेडीस यांनी रावणदहनाची, दिवाळीची आणि मिरवणुकीची आपलीच रीत आपल्याला नव्या अर्थाने परत दिली. झाडूवाल्यांना मिरवणुकीत मानाने चालवणे हा त्यातील सर्वांत धीट भाग होता. जी माणसे रोज पहाटे चौक झाडीत आणि दिवसा त्याच चौकात अंग चोरून चालत, ती त्या दिवशी सर्वांच्या देखत रस्त्याच्या मध्यभागून चालली. एका दिवसाच्या मिरवणुकीने शतकांची रूढी मोडत नाही, हे खरेच. पण सार्वजनिक जागा म्हणजे काय याची व्याख्या त्या दिवशी झाली. जेथे शेवटच्या माणसालाही मध्यभागी चालता येते ती जागा सार्वजनिक होय.

त्याच १९१७ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले. गणेश जनार्दन आगाशे हे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन इंदुरातच भरले. १९३५ साली पुन्हा हाच योग आला. हिंदी संमेलनाला गांधीजी दुसऱ्यांदा आले, आणि मराठी संमेलन औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. पुढे २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन येथे तिसऱ्यांदा भरले. दोन भाषांची अखिल भारतीय संमेलने अशी लागोपाठ भरवणारे आणि दोन्हींचे यजमानपद आपलेच मानणारे हे नगर आहे. त्याचे कारण या चौकात शोधावे लागेल. येथे बजाजखान्यातील कापडाचा भाव माळवीत होतो, हिशेब हिंदीत लिहिला जातो, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन त्याच भावाविषयी मराठीत कुरकुर करते. ‘होळकर’ मधला ‘ळ’ बाजाराच्या जिभेवर केव्हाच ‘ल’ झाला. पण ‘वाडा’ हा शब्द मात्र सर्वांनी घेतला. ज्याच्या घरात कधी मराठी बोलली गेली नाही असा रिक्षावालाही ‘राजवाडा’ अशीच हाक घालतो. एखादी भाषा दुसऱ्यांच्या तोंडी आपला एक शब्द कायमचा ठेवून जाते, ही काही लहान मिळकत नव्हे.

चौकाचा दिनक्रम पाहिला तर हेच मिश्रण दिसते. पहाटे झाडू फिरतो, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटतात, फुलवाले येतात. सकाळी पोह्यांच्या पातेल्याखाली वाफेचे भांडे खदखदू लागते. मराठी घराघरातून होणारे पोहे येथे शेव, जिरावण आणि डाळिंबाचे दाणे अंगावर घेऊन जिलबीच्या शेजारी बसतात. दिवसभर चहूकडच्या बाजारांतून माणसांचा ओघ चौकात येत राहतो. खजुरी बाजारात शाळा उघडण्याच्या दिवसांत पाठ्यपुस्तकांसाठी पालकांची रांग लागते, शीतलामाता बाजारात लग्नसराईचे कापड फाडले जाते, भांड्यांच्या बाजारात पितळेचा नाद चालू असतो. सराफ्यात पुष्य नक्षत्रावर सोन्याची खरेदी होते आणि रात्री नऊनंतर सोनारांच्या त्याच ओट्यांवर खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. सराफांनी ही वहिवाट मुद्दाम चालू दिली, कारण मध्यरात्रीपर्यंत माणसांची वर्दळ राहिली की दुकानांची राखण आपोआप होते, असे जुने लोक सांगतात. तेथे भुट्ट्याचा कीस मिळतो, थंडीत गराडू मिळतो, आणि आपल्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी उपवासाचे सारे बंधन विसरून वर्षाचे बारा महिने गरमागरम मिळते. देवघराच्या दारातून निघालेला पदार्थ मध्यरात्रीच्या बाजारात जाऊन बसला, याचे एखाद्या कर्मठाला वैषम्य वाटेल; पण संस्कृतीचा प्रसार म्हणतात तो बहुधा असाच होतो.

या रोजच्या जीवनावर वर्षातून दोनदा उत्सवाचा कळस चढतो. रंगपंचमीला ‘गेर’ निघते. शहराच्या निरनिराळ्या भागांतून निघालेले रंग खेळणाऱ्यांचे तांडे राजवाड्यापुढे एकत्र येतात आणि वाड्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत रंग उडतो. राजा प्रजेबरोबर रंग खेळे त्या प्रथेची ही परंपरा आहे असे मानतात. राजा गेल्यावरही ती चालू राहिली, एवढेच नव्हे तर वाढली. दुसरा उत्सव अनंत चतुर्दशीचा. लोकमान्यांनी ज्या गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्याला इंदूरच्या गिरणीकामगारांनी आपले वेगळे वळण लावले. प्रत्येक गिरणीची झांकी, म्हणजे चलचित्रांचा भव्य रथ, रात्रभर शहरातून फिरते आणि लाखो माणसे रस्त्यांच्या दुतर्फा जागतात. पुढे गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला, तेव्हा २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार वाट पाहत निवर्तले. परंतु या काळातही बंद गिरण्यांच्या झांक्या वर्गणी काढून निघत राहिल्या. भोंगा वाजत नव्हता, पगार मिळत नव्हता, तरी आपल्या गिरणीचे नाव वर्षातून एका रात्री शहरासमोर मिरवायचेच, हा त्या माणसांचा आग्रह होता. न्यायालयात त्यांचा हक्क अडकून पडला होता. रस्त्यावरचा हक्क त्यांनी सोडला नाही.

येथवरचे वर्णन वाचून चौकातील गर्दी सदैव मंगलच असते असे कोणास वाटेल, तर तो भ्रम ठरेल. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत शीख बांधवांवर देशात अनेक ठिकाणी जे अत्याचार झाले त्यांपासून इंदूरही मुक्त राहिले नाही. त्या दंगलीत राजवाड्याला तिसऱ्यांदा आग लागली आणि त्याचा मागील भाग भस्मसात झाला. १८०१ ची आग सरदारांच्या वैराची होती. ही आग नागरिकांच्या हातची होती. लोकांचा चौक झाला म्हणजे सर्व काही साधले असे मानणाऱ्याने या आगीकडे पाहावे. गेर खेळणारे हात आणि पलिता धरणारे हात एकाच नगरातून येतात. सामाईक जागा माणसांना एकत्र आणते. एकत्र आलेल्या माणसांनी काय करावे हे ती ठरवू शकत नाही. ते शिक्षण अन्यत्र, घरात आणि शाळेतच, व्हावे लागते.

जळालेला भाग वीस वर्षांहून अधिक काळ तसाच पडून होता. अखेर उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००६-०७ मध्ये तो दगड, वीट, चुना आणि लाकूड या मूळ साहित्यानेच पुन्हा उभारला गेला. अलीकडे दर्शनी सप्तमजली भागाचेही जतनकार्य झाले. २० मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या निमित्ताने, मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठकच या वाड्यात भरली. १९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात. त्यामुळे राज्यकारभार या दारातून केव्हाच बाहेर गेला होता. तो एका दिवसापुरता पुन्हा पाहुणा म्हणून आला.

वाड्याच्या जतनाबरोबर चौकाच्या ‘सुशोभना’चा प्रश्नही उभा राहतो. वास्तू स्वच्छ दिसावी, छायाचित्रात तिच्यापुढे हातगाडी येऊ नये, अशी इच्छा अधिकाऱ्यांना आणि प्रवाशांनाही वाटते. पथारीवाल्यांना हटवले जाते, ते परत येतात, पुन्हा हटवले जातात. वाहतुकीची अडचण खरी आहे आणि पायी चालणाऱ्याचा हक्कही खरा आहे. त्याची व्यवस्था लावलीच पाहिजे. परंतु बाजार हा या चौकाला नंतर चिकटलेला मळ आहे अशा समजुतीने ती लावू नये. जकातमाफीच्या ओढीने आलेला व्यापारी वाड्याच्या पायाभरणीपूर्वी तीस वर्षे येथे येऊन बसला होता. वडिलकीच्या हिशेबाने पाहिले तर वाडाच नंतरचा आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या भीतीने ‘जनता कर्फ्यू’ पाळला गेला, तेव्हा सायंकाळी पाच वाजता थाळ्या वाजवायला लोक चक्क राजवाड्यावर जमले. जमू नये म्हणून दिलेल्या सूचनेचे पालन जमून साजरे झाले, याबद्दल इंदूरची देशभर थट्टा झाली आणि ती योग्यच होती. पण या अविचारामागची सवय समजून घेतली पाहिजे. आनंद असो वा संकट, क्रिकेटचा विजय असो वा निवडणुकीचा, आधी राजवाड्यावर जायचे ही येथील माणसाची पिढीजात वहिवाट आहे. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी गेर निघाली नाही. २२ मार्च २०२२ रोजी ती पुन्हा निघाली तेव्हा कित्येकांना आपले नगर परत मिळाल्यासारखे वाटले असेल.

२०१७ पासून सलग सात वर्षे इंदूर हे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. गेडीस यांच्या मिरवणुकीला त्या साली बरोबर शंभर वर्षे झाली होती. गेर संपल्यावर काही तासांत चौक पुन्हा लख्ख होतो, याचे कौतुक सर्वत्र होते. कौतुक यंत्रांचे होते, योजनेचे होते, शहराचे होते. ज्यांनी झाडले त्यांना मिरवणुकीच्या मध्यभागी चालवण्याची १९१७ ची कल्पना मात्र अजून आपल्यापुढेच आहे. पारितोषिक मिळवणे सोपे नाही, पण त्याहून हे अवघड आहे.

राहिला आपला, म्हणजे मराठी माणसाचा, या चौकाशी असलेला संबंध. इंदूरच्या मराठी समाजात अधूनमधून एक खंत ऐकू येते, की राजवाडा आपला होता, आता तो आपला राहिला नाही. ही खंत समजण्यासारखी असली तरी ती इतिहासाला धरून नाही. चौक केवळ आपला असा कधीच नव्हता. तो मंडलोईंच्या बाजाराचा होता, माळव्याच्या शेतकऱ्याचा होता, सादत खानाच्या साथीदारांचा होता, गिरणीकामगारांचा होता. आपण या नगराला जे दिले, एक वास्तू, एक उत्सव, एक न्याहारी, एक शब्द, ते इतरांनी इतक्या मनापासून घेतले की त्यावर आपले नाव उरले नाही. त्याचा शोक करण्याऐवजी दुसरे एक काम आपण करावे. राजवाड्याच्या भिंतींची मोजमापे झाली आहेत. चौकाच्या स्मृतींची नोंद अद्याप झालेली नाही. जुन्या दुकानांच्या मोडी वह्या अडगळीत पडल्या आहेत, झांक्या बांधणारे कारागीर वृद्ध झाले आहेत, गल्लीबोळांची जुनी नावे बदलत आहेत. आपल्यातील शिक्षकांनी इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्यांना वाड्याच्या आत नेण्यापूर्वी अर्धा तास बाहेर थांबवावे, आणि समोर दिसणारा प्रत्येक मनुष्य येथे केव्हापासून व कशासाठी येतो हे त्याला विचारून लिहून आणायला सांगावे. तो वृत्तान्त काही मराठीत मिळेल, काही हिंदीत, काही माळवीत. तो एकत्र केला म्हणजे या चौकाची बखर तयार होईल.